कोऱ्या डायलचं घड्याळ

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाचं घड्याळ बंद पडून आलं, की मी आधी बॅलन्सच्या, म्हणजे पुढे-मागे झोके घेणाऱ्या चाकाच्या खाली पाहतो. मागचं झाकण काढायचं, आयग्लास डोळ्याला लावायचा आणि उजेड तिरपा धरायचा. बहुतेक वेळा तिथे एक पांढरा तंतू सापडतो. कापसाच्या तंतूची जाडी पंधरा-वीस मायक्रॉन असते, आणि बॅलन्स ज्या टोकावर फिरतो ते टोक जेमतेम शंभर मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तंतू त्या टोकाला वेढा घालतो आणि समईतल्या वातीसारखं तिथलं तेल ओढून घेतो. ते टोक ज्यात टेकतं तो बारीक खडा, म्हणजे ज्वेल, कोरडा पडला की बॅलन्सचा झोका लहान होत जातो, घड्याळाची वेळ रोज थोडी थोडी चुकायला लागते आणि एक दिवस ते थांबतं.

फवारणी करणाऱ्याच्या घड्याळाचा रोग वेगळा. त्याची प्लास्टिकची काच दुधाळ होते, बारीक तडे जातात, कारण औषधातलं सॉल्व्हंट ॲक्रिलिकला सोसत नाही. डवरणी करणाऱ्याच्या घड्याळात चावीच्या नळीतून काळी माती आत शिरलेली असते. वैशाखात घामाचं मीठ पट्ट्याच्या पिना खाऊन टाकतं. घड्याळ उघडलं की घालणारा काय काम करतो, हे त्यानं न सांगता मला कळतं.

डायलवर रोलेक्स लिहिलेलं घड्याळ आलं तरी रोग हेच असतात. आणि हल्ली आमच्या भागात अशी घड्याळं बरीच येतात.

माझा धंदा घड्याळाचा नाही. हिंगणघाटजवळच्या एका गावात माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. मृगाच्या आधीपासून पोळ्यापर्यंत मान वर करायला फुरसत नसते. दिवाळीनंतर कापूस घरात येतो, काहींची उधारी वसूल होते, काहींची पुढच्या सालावर जाते, आणि होळी झाली की दुकान ओस पडतं. ते चैत्र-वैशाख मी घड्याळांना देतो. त्यातही दिवसा काम करता येत नाही. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असतो आणि घड्याळाच्या टेबलावर ना पंखा चालतो ना कूलर. वाऱ्याबरोबर धूळ येते, आणि एखादा स्क्रू उडाला तर तो परत मिळत नाही. घामाचा थेंब मशीनवर पडला की दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. म्हणून पहाटे उठून, ऊन वर यायच्या आत जेवढं होईल तेवढं.

हे काम मला हिंगणघाटच्या बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या घड्याळसाजानं शिकवलं. सगळे त्यांना चाचा म्हणत. काचेची एक पेटी, पेट्रोलची एक वाटी, दोन चिमटे, एवढंच दुकान. कुणी घड्याळ दिलं की ते आधी कानाला लावत. “पहले सुनो, फिर खोलो,” एवढाच त्यांचा पहिला धडा. एचएमटी जनताचं मशीन मी त्यांच्याचकडे उलगडायला शिकलो. सतरा ज्वेल, तासाला अठरा हजार ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. ते पाच ठोके कानात बसले की दुसऱ्या कुठल्याही घड्याळाचा वेग आपोआप कळायला लागतो. मनगटावर आणखी एक कान फुटल्यासारखं होतं, आणि हा कान आयुष्यभर पुरतो.

तो कान नकली घड्याळं ओळखायला फार कामी येतो.

नागपूरला बर्डीच्या फुटपाथवर, यात्रेत, नाहीतर पोरांनी मोबाईलवरून मागवलेली ही घड्याळं. ‘फर्स्ट कॉपी’ म्हणून विकतात. पण सगळ्या कॉप्या सारख्या नसतात. अगदी खालच्या पायरीवरच्या घड्याळात सेल असतो आणि सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं, मशीनच बदलायचं. त्याच्या वरच्या पायरीवर चिनी ऑटोमॅटिक मशीन येतं. त्याची रचना जपानच्या मियोटा मशीनवरून घेतलेली, तासाला २१,६०० ठोके, सेकंदाला सहा. आणखी वर गेलं की स्वित्झर्लंडच्या ईटीए कंपनीच्या २८२४ या मशीनच्या आराखड्यावर बनवलेलं, २८,८०० ठोक्यांचं मशीन. तिथे सेकंदकाटा सेकंदात आठ पावलं टाकतो, इतकी बारीक की तो सरकतोय असं वाटतं. आणि सगळ्यात वर जे असतं ते पाहून मी पहिल्यांदा चाटच पडलो. रोलेक्सचं ३१३५ नावाचं मशीन १९८८ साली आलं आणि तीस वर्षांहून जास्त काळ त्यांच्या घड्याळांत होतं. त्याचीच प्लेट, त्याचेच ब्रिज, तोच बॅलन्सचा दोन्ही बाजूंनी टेकलेला पूल, सगळं जसंच्या तसं घडवून बसवलेलं. झाकण उघडून पाहणाराही फसावा, एवढं बेमालूम.

त्या मशीनकडे मी खूप वेळ पाहत बसलो होतो. कुणीतरी हे कापलंय. कुणीतरी, बहुधा एखाद्या कारखान्यात ओळीनं बसलेल्या पोरींनी, त्यातला एकेक ज्वेल दाबून बसवलाय. केसाहून बारीक हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना न लागता उघडतात-मिटतात, हे खोटं कसं म्हणायचं? ठोका खरा आहे. दिवसाला सात-आठ सेकंदांचा फरक, तोही खरा. खोटं आहे ते फक्त डायलवरचं आणि रोटरवरचं, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणाऱ्या वजनावरचं नाव. सबंध घड्याळात सगळ्यांत स्वस्त भाग कुठला असेल तर तो हाच, शाईचा एक थेंब. आणि तोच एक भाग कुठल्याही घड्याळसाजाला दुरुस्त करता येत नाही.

या छंदाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे, पण ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

यंत्र दुसऱ्याचं पाहून बनवणं यात मला काही कमीपणा दिसत नाही. २८२४ चं पेटंट केव्हाच संपलं. स्वित्झर्लंडमधलीच सेलिटा कंपनी त्याच आराखड्यावर एसडब्ल्यू २०० नावाचं मशीन बनवते, राजरोस विकते, आणि कितीतरी नामवंत कंपन्या ते घेतात. आपली एचएमटी कशी उभी राहिली? १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीशी करार करून बंगळूरला घड्याळांचा कारखाना निघाला. मशीन सिटिझनच्या आराखड्याचं, शिकवणारे जपानी, हात आपले. पण डायलवर नाव आलं ते एचएमटी. पुढे जनता, पायलट, सोना, कांचन. आमच्याकडे लग्नात नवरदेवाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल द्यायची तेव्हा त्या घड्याळावर हेच नाव असायचं, आणि काही डायलवर तर ते देवनागरीत होतं, आकड्यांसकट. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये घड्याळ कारखाने बंद करायचा निर्णय घेतला. मशीन मात्र आजही चालू आहेत. माझ्या ड्रॉवरमध्ये पडलेल्यांना तेल घातलं तर आत्ता चालतील. दुसऱ्याकडून शिकून स्वतःचं नाव लिहिणारी माणसं होती ती.

उलट नाव चोरण्याचा धंदाही नवा नाही, आणि तो चीननं सुरू केलेला नाही. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळसाजांचा दबदबा होता, तेव्हा युरोपातून लंडनची नावं कोरलेली नकली घड्याळं विकली जात. पॅरिसच्या अब्राहम लुई ब्रेगेच्या घड्याळांच्या इतक्या नकला निघाल्या, की १७९५ च्या सुमारास त्यानं डायलवर गुप्त सही कोरायला सुरुवात केली. बाराच्या आकड्याजवळ, इतकी सूक्ष्म की समोरून पाहिलं तर दिसत नाही. घड्याळ तिरपं करून उजेड आडवा पाडला तरच दिसते. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. दुसऱ्यानं आपल्या नावावर केलेला गुन्हा त्याला दिसत होता. त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यानं स्वतःचं नावच एवढं बारीक केलं, की नक्कल करणाऱ्याला ते कोरताच येऊ नये.

आता माझ्या टेबलाकडे येतो.

मी घड्याळ ‘बांधतो’, असं म्हणतो तेव्हा दातेरी चाकं कापत नाही. तेवढी यंत्रं माझ्याकडे नाहीत. केस, मशीन, डायल, काटे, काच, चावी हे भाग वेगवेगळे आणायचे आणि त्यांचं एक घड्याळ करायचं. पाण्याखाली उतरणाऱ्यांसाठी म्हणून १९५० च्या दशकात आलेल्या रोलेक्सच्या सबमरिनरचा आकार मला आवडतो. काचेभोवतीची जाड फिरती कडी, म्हणजे बेझल, मोठे गोल ठिपके, अंधारात चमकणारे काटे. शेतात जाणाऱ्या माणसाला हा आकार सोयीचा, कारण लांबून, ओल्या हातानं, चष्म्याशिवाय वेळ दिसते. आत मी बहुधा सेइकोचं एनएच ३५ घालतो. सेइको हे मशीन इतर घड्याळवाल्यांना उघडपणे विकते. चोवीस ज्वेल, २१,६०० ठोके, एकदा पूर्ण चावी भरली की ४१ तास. रांगडं आहे, दिसायला साधं आहे, आणि बैलगाडीच्या चाकोरीतून सायकल हाणणाऱ्याच्या मनगटावरही टिकतं.

भाग जमवणं हेच अर्धं काम. पूर्वी अलीएक्सप्रेस या चिनी ऑनलाइन बाजारातून सुटे भाग यायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनं ते ॲप बंद केलं आणि मग मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून, कुणी परदेशातून येणाऱ्याकडून, असं जमवावं लागलं. भाग आले तरी एकमेकांना बसतीलच असं नाही. उदाहरणच सांगतो. एनएच ३५ आणि २८२४, दोन्ही मशीनमध्ये तासकाट्याचं भोक दीड मिलिमीटर, मिनिटकाट्याचं ०.९०. एवढं जुळलं म्हणून माणूस खूश होतो. पण सेकंदकाट्याचं भोक एकात ०.२० आणि दुसऱ्यात ०.२५. पाच शतांश मिलिमीटरचा फरक. एका मशीनचा सेकंदकाटा दुसऱ्यात नुसता डुगडुगतो, आणि उलट करायला गेलं तर दाबून बसवताना खालची दांडी वाकते. डायलच्या मागच्या दोन बारीक पायांचंही तसंच, ते ज्या मशीनसाठी केलेले असतात त्याच्याच भोकांत जातात.

चावीची दांडी लांब येते, ती कापून बसवायची असते. ही जागा मला सगळ्यात प्रिय आहे, का ते सांगता येणार नाही. थोडी कापायची, कानशीनं टोक सपाट करायचं, चावी फिरवून लावायची, आत घालायची, पाहायचं. चावी केसला टेकली पाहिजे, पण आत दाबली जाता कामा नये. ओढली की पहिल्या टप्प्यावर तारीख, दुसऱ्यावर काटे. दांडी जरा जास्त लांब राहिली तर पाणी आत जातं. आमच्याकडे आषाढात चिखलात उभं राहून रोप लावणाऱ्याच्या घड्याळात पाणी गेलं म्हणजे आठवड्यात डायलवर बुरशी. म्हणून दांडीवर घाई नाही.

काटे बसवायचे ते बारा वाजता, तारीख बदलण्याचा क्षण पकडून. चावीनं मशीन पुढे न्यायचं, तारखेचं चाक खटकन बदललं की थांबायचं, आणि त्याच जागी तिन्ही काटे बाराच्या खुणेवर. मग एकेका काट्यातलं अंतर बाजूनं पाहायचं. तासकाटा डायलला घासतो का, मिनिटकाटा तासकाट्याला, सेकंदकाटा काचेला. सगळं मोकळं असलं की ते टाइमग्राफरवर ठेवायचं. हे यंत्र मायक्रोफोननं ठोका ऐकतं आणि पडद्यावर दोन रेघा काढतं. दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंशांचा झोका घेतो, दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का. झोका अडीचशे अंशांच्या वर असला आणि दोन्ही रेघा जवळजवळ एक होऊन सरळ चालल्या की मला बरं वाटतं. पण ते डायल वर करून, खाली करून, चावी खाली, चावी वर, सगळ्या बाजूंनी पाहावं लागतं. पालथं ठेवलेलं घड्याळ छान चालतं आणि उभं धरलं की ढेपाळतं, असं बरेचदा होतं. चाचांकडे हे यंत्र नव्हतं. ते हेच सगळं कानानं करत, आणि त्यांचं घड्याळ फार चुकत नसे.

आता डायल. बाजारात रोलेक्सचं नाव, मुकुट, खालचं ‘स्विस मेड’ सकट छापलेली डायल मिळते, आणि तिच्या शेजारीच काहीही न लिहिलेली कोरी डायलही मिळते. दोन्ही त्याच ठिपक्यांच्या, त्याच काळ्या रंगाच्या. हा छंद असणाऱ्यांत दोन तट आहेत. नाव असलेली घेणारे म्हणतात, विकायचं थोडंच आहे, माझ्या हातावर राहणार; लाखो रुपयांचं घड्याळ मला परवडत नाही, मग त्याचं सुख तेवढं घेऊ द्या. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. ही माणसं घड्याळावर मनापासून प्रेम करतात. कित्येकांना मूळ घड्याळातल्या एकेका आकड्याची जाडी पाठ असते, आणि माझ्यापेक्षा हुशार हात त्यांचे आहेत. तरी मी कोरी डायलच घेतो. कायदा आहेच. ट्रेड मार्क्स कायदा १९९९, कलम १०३, खोटं व्यापारचिन्ह लावलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद. पण कायद्याच्या भीतीनं मी इथवर आलेलो नाही. मी बियाणं विकतो, म्हणून इथवर आलो.

मे महिन्याच्या अखेरीस गावोगाव कपाशीचं बोगस बियाणं फिरतं. पाकिटावर नामांकित कंपनीचे रंग, बोंडाचं चित्र तसंच, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडं, किंवा तेही नाही, हुबेहूब नाव. बिल मागितलं तर नाही. माणूस घेतो, कारण दोनशे रुपये स्वस्त आहे आणि पाकीट ओळखीचं दिसतं. घड्याळ खोटं निघालं तर ते निदान वेळ तरी दाखवतं. बियाणं खोटं निघालं तर पहिल्या पावसाची ओल निघून जाते आणि तासात रोप नसतं. दुबार पेरणी. तोवर बियाणं मिळत नाही, उधारीवर मजूर लावलेले असतात, आणि मृग परत येत नाही. मी दुकानात उभा राहून अशी माणसं पाहिली आहेत. पाकीट माझ्या दुकानचं नसायचं, तरी ते घेऊन माझ्याकडेच येत आणि विचारत, “भाऊ, हे पाकीट तर तेच व्हय ना? पाहा बरं नीट.” ते नाव वाचून त्यानं विश्वास ठेवलेला असतो. नावावर विश्वास ठेवणं ही त्याची चूक कशी?

म्हणून नाव ही फुकटची, निरुपद्रवी गोष्ट आहे, असं मला वाटत नाही. पाकिटावर किंवा डायलवर कुठलंसं नाव लिहिणारा माणूस एक वचन देत असतो. ज्यानं ते वचन दिलंच नाही, त्याच्या वतीनं मी ते देऊ शकत नाही, मग ते घड्याळ माझ्याच हातावर राहणार असलं तरी. आणि हातावरची घड्याळं हातावर राहत नाहीत. माणूस मरतो, वाटणी होते, भाचा नेतो, विकतो. दहा वर्षांनी ते कुणाच्या हातात असेल आणि तो त्यावरचं नाव वाचून किती पैसे मोजेल, हे मला कुठं ठाऊक?

दुरुस्तीची गोष्ट मात्र वेगळी. नकली घड्याळ दुरुस्त करायला मी नाही म्हणत नाही. आजारी मशीन हे आजारी मशीनच. फक्त एक नियम पाळतो. काही बोलायच्या आत झाकण उघडून मालकाला आयग्लासमधून आत दाखवतो.

एका जिनिंगमधले मुकादम आले होते. मुलानं पुण्याहून पाठवलेलं रोलेक्स, सोनेरी, चावी निखळलेली. त्यांनी ते रुमालात गुंडाळून आणलं होतं. मी आतलं मशीन दाखवलं, रोटरवरचं पातळ छपाईचं अक्षर दाखवलं, आणि सांगितलं, काका, हे रोलेक्स नाही. पण मशीन चांगलं आहे, साफ करून देतो, पुष्कळ दिवस चालेल.

ते बराच वेळ आयग्लासमधून पाहत राहिले. मग म्हणाले, “चाकं तर लय मस्त फिरून राह्यले.”

मी म्हटलं, हो, मस्तच आहेत.

“मंग पोट्ट्याले सांगू नका बाप्पा. त्यानं पहिल्या पगारात घेतलं. त्याले वाटते असलीच हाय.”

नळी बदलली, गॅस्केट नवं घातलं, तंतू काढले. मुलाला मी काही सांगितलं नाही, कारण मुलानं मला काही विचारलं नाही. मुकादमांना मात्र आता पक्कं माहीत आहे की हातावर काय आहे, आणि ते रोज ते घालतात. सोनेरी मुलामा कडेला उडालाय. त्यांना त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या एकाला मी परत पाठवलं. तालुक्याचा तरुण मुलगा, चांगल्या दर्जाची कॉपी, आत ३१३५ ची नक्कल. त्याला झाकणाच्या आतल्या बाजूचे खोडलेले आकडे नीट करून हवे होते, शिवाय डबा आणि कार्ड त्याच्याकडे होतंच. कुणीतरी गिऱ्हाईक लागलं होतं, मोठी रक्कम सांगत होता, त्यातलं मला काय देणार तेही सांगत होता. मी त्याला चहा पाजला आणि घड्याळ त्याच्या हातात परत दिलं. तो म्हणाला, “तुम्ही नाही केलं तर दुसरा करीन.” करेलही. माझ्या टेबलावर ते होणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

माझा पुतण्या वर्ध्याला पॉलिटेक्निकला शिकतो. सुट्टीत माझ्या टेबलाशी बसतो, आणि त्याचे हात माझ्यापेक्षा स्थिर आहेत. तो मला गेल्या उन्हाळ्यात म्हणाला, “काका, कोरी डायल ठेवता ते ठीक. पण कोरंच का ठेवायचं? आपलं नाव लिहा ना.” मी म्हटलं, आपलं म्हणजे कुणाचं? मशीन सेइकोचं, आकार रोलेक्सनं गाजवलेला, केस कुठल्या चिनी कारखान्यातली. आपण जुळवलं, एवढंच. पण तो हट्टाला पेटला, आणि त्यानं सुचवलेलं नाव ऐकून मी गप्प झालो. तो म्हणाला, “हिंगणघाट लिहू.”

हिंगणघाट हे एके काळी कापसाचं नाव होतं. वर्धा खोऱ्यातल्या त्या लांब धाग्याच्या देशी कापसाची गणना एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या उत्तम कापसांत होई, आणि व्यापारी गावाच्या नावानंच तो ओळखत. नावाला किंमत आली की भेसळ आलीच. कापसातल्या लबाड्या थांबवायला मुंबई सरकारला १८६३ साली खास कायदा करावा लागला होता. म्हणजे ज्या फसवणुकीबद्दल मी इतकं बोलतोय, ती आमच्या मातीच्या मालाला दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होती. तो कापूस आता शेतात दिसत नाही. संकरित वाण आले आणि २००२ नंतर बीटीनं सगळं शिवार व्यापलं. नाव तेवढं गावाच्या पाटीवर राहिलंय. गावाचं नाव लिहिण्याचा हक्क त्या गावच्या माणसाला आहे असं मला वाटतं, आणि घड्याळ इथे जुळवलं एवढीच माहिती ते देईल, त्याहून जास्त काही नाही. म्हणून मी हो म्हटलं.

तेव्हापासून आम्ही दोघं डायलची छपाई शिकतोय. कोरलेल्या प्लेटमध्ये शाई भरायची, वरची पुसायची, सिलिकॉनच्या मऊ गोळ्यानं ती उचलायची आणि डायलवर टेकवायची. रोमन अक्षरं यात लवकर जमतात. देवनागरीचं अवघड आहे. अक्षराची उंची मिलिमीटरभर, त्यात शिरोरेषा, पहिल्याच अक्षराला वेलांटी आणि तिच्याच डोक्यावर अनुस्वार. शाई जराशी पातळ झाली की अनुस्वार वेलांटीत मिसळतो आणि ‘हिं’ची ‘हि’ होते. घट्ट झाली की शिरोरेषा तुटते. हवेतल्या उष्म्यानं शाई प्लेटवरच वाळते, म्हणून हेही पहाटेच. एचएमटीच्या जुन्या देवनागरी डायल मी आयग्लासखाली पुन्हा पाहिल्या. त्यांनी अक्षरं जरा रुंद केली आहेत आणि मात्रा शिरोरेषेपासून किंचित वर उचलल्या आहेत, म्हणून शाई पसरली तरी वाचता येतं. पुतण्या आता तसं नवं अक्षर काढतोय, अनुस्वार वेलांटीच्या उजवीकडे सरकवून. प्लेट नागपूरहून करून आणायची आहे. यंदा मृगाचा पाऊस लवकर आला तर ते पोळ्यानंतरच होईल.